बाकाच्या टोकावरचे गुडघे

सेबीमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंधेरीला छापखान्यात उभी होते. गावठाणातला क्रूस हलवून रस्ता रुंद करायला निघालेल्यांविरुद्ध आमचं पत्रक छापून होत होतं, आणि मी ओल्या शाईचा एक कागद हातात धरून ठळक अक्षरं पुरेशी ठळक आलीत का बघत होते. पलीकडून फिलूमामी म्हणाली, "ग्रेसी, मामा गेला गं." रडत नव्हती. अशा वेळी माणसं विचारतात, कधी गेला, कसा गेला, जवळ कोण होतं. मी विचारलं, "शेवटी काही बोलला का?" मामीला वाटलं, भाचीची माया. ती म्हणाली, "पाणी मागितलं. मग पंखा कमी कर म्हणाला…" मी फोन बंद केला. मला मायेनं विचारायचं नव्हतं. मला भीती वाटत होती. आता काही आठवडे झाले, ती गेलेली नाही. लोक म्हणतात, दुःख हळूहळू कमी होतं. होत असेल. भीतीचं काय होतं ते कुणी सांगत नाही.

मामा आमच्या गावठाणातला, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या घरात जन्मलेला आणि त्याच कुंपणापलीकडच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला. रोज संध्याकाळी माळ ओढत रोझरी म्हणायचा. गावठाणातल्या क्रुसाला दर मे महिन्यात स्वतः चुना लावायचा, दुसऱ्याला ब्रश देत नसे. आणि हाच माणूस महिन्यातून एका संध्याकाळी काळा सूट घालून, हातात छोटी चामड्याची बॅग घेऊन रिक्षात बसायचा आणि लॉजला जायचा. लॉज म्हणजे एक जुना बंधुसंघ. सगळ्या धर्मांची पुरुषमंडळी, बंद दार, शपथ, आतलं बाहेर सांगायचं नाही. एकमेकांना भाऊ म्हणतात, दानधर्म करतात. आमच्या चर्चची यावरची शिकवण स्पष्ट आहे. कॅथलिक माणसानं तिथं जायचं नाही. गेला, तर ते गंभीर पाप; त्याला कम्युनियन, म्हणजे मिस्साच्या प्रार्थनेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद, घेता येत नाही, आणि त्याच पापात मेला तर त्याच्या आत्म्याची सुटका नाही. यात माझं काही नाही, मी नियम केलेला नाही. पण नियम बरोबर आहे असं मला वाटतं, आणि मी तसं मागं एका पत्रकात लिहिलंही होतं. आमच्या युवक मंडळानं मिस्सानंतर ते चर्चच्या दारात उभं राहून वाटलं होतं.

मामानं ते माझ्याच हातून घेतलं. तिथंच, पायरी उतरायच्या आधी, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. आमच्या चर्चमध्ये पत्रक पूर्ण वाचणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. मग घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, "काय गं, आज माझ्या नावानं शिमगा?"

"तुझं नाव कुठं आहे त्यात?"

"नाव नाही, पण सूट माझाच आहे." आणि हसला. "चांगलं लिहिलंयस. फक्त भीती नक्की कशाची, ते सांगितलंच नाहीस."

तो लॉजमध्ये का गेला हे सगळ्या गावठाणाला माहीत होतं. फिलूमामीचं मोठं ऑपरेशन होतं, रक्त लागत होतं आणि मिळत नव्हतं. कारखान्यातला त्याचा मित्र शहा, घाटकोपरचा, लॉजमधला, दुपारी एक फोन करतो काय आणि लॉजची माणसं हॉस्पिटलच्या जिन्यात रांग लावून उभी राहतात काय. गुजराती, पारशी, एक मुलुंडचे वकील, एक बोहरी दुकानदार. मामीला ओळखणारा त्यात एकही नव्हता. मामा म्हणायचा, "ग्रेसी, त्या दिवशी आपल्या लोकांनी प्रार्थना पाठवली. त्यांनी रक्त पाठवलं." मला याचा राग यायचा. अजून येतो. आपली माणसं कुठं होती त्या दुपारी? निंदा करायला मात्र सगळे हजर. "सेबी सैतानाची पूजा करतो म्हणे," असं हळू आवाजात सांगणाऱ्या बायका दर नाताळात त्याच्याकडून फराळाचे डबे घेऊन जायच्या. मी सैतान वगैरे कधी म्हटलं नाही. माझं म्हणणं साधं होतं, आणि ते मी त्याच्याशी त्याच्या ओटीवर बसून कितीदा तरी भांडले.

"शपथ देवाच्या नावानंच घेतो आम्ही," तो म्हणायचा.

"कुठल्या देवाच्या?"

"ज्याचा जो असेल त्याच्या."

"तेच तर! येशूचं नाव दाराबाहेर ठेवून आत जातोस. चपलेसारखं."

 मामी आतून ओरडली, "पोरी, मामा आहे तो तुझा, कोर्टातला आरोपी नाही!" पण मामा चिडला नाही. म्हणाला, "असेलही. पण त्या माणसांना मी शब्द दिलाय. तो मोडून देवाकडे गेलो आणि देव म्हणाला, सेबी, उद्या मला दिलेलाही असाच मोडशील… तर?" याचं उत्तर माझ्या पत्रकात नव्हतं. चुकीचा शब्द दिला असेल तर मोडावा, असं मी म्हटलं. ते बरोबरच आहे. पण ओटीवर बसून समोरच्या माणसाच्या तोंडावर म्हणताना ते छापल्यासारखं सोपं वाटत नाही.

आणि यातलं खरं भयंकर असं, की मामा नियम पाळायचा. दुसरा कुणी असता तर गुपचूप रांगेत उभा राहून कम्युनियन घेऊन आला असता, कोण बघतंय? मामा घ्यायचा नाही. दर रविवारी डावीकडच्या बाकाच्या टोकावर, मधल्या वाटेला लागून बसायचा. कम्युनियनची वेळ झाली की अख्खा बाक उठायचा, आणि हा बसल्या जागी दोन्ही गुडघे एका बाजूला वळवायचा, लोकांना जाता यावं म्हणून. पहिली मामी. ती दर वेळी तिरकी होऊन, हातानं पुढच्या बाकाचा आधार घेत, "सरक रे जरा" असं पुटपुटत बाहेर पडायची. मग मी. त्याचे गुडघे माझ्या ड्रेसला घासायचे. मी कधी खाली पाहिलं नाही. परत येताना तो पुन्हा तसाच, गुडघे वळवून, मान खाली घालून. सगळं चर्च बघत असायचं. मी एकदा म्हटलं, "निदान मागं तरी बस ना, मामा. कुणाला दिसणार नाही." तो म्हणाला, "लपायचं असतं तर आलोच कशाला असतो?"

मग मामा आजारी पडला. आजार यकृताचा निघाला, आणि निघाला तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. जो माणूस कधी कुणाला घाबरला नाही, तो आता खोलीत एकटा राहायला घाबरायला लागला. मामी आंघोळीला गेली तरी मला फोन, "येतेस का गं जरा?" एका दुपारी त्यानं माझं मनगट पकडलं. पिवळे डोळे, हाताला ताकद नाही, पण सोडेना. म्हणाला, "तू लिहिलं होतंस ना… असा माणूस मेला तर… ते खरंच तसं असतं?"

मला 'नाही रे मामा' म्हणता आलं असतं. शेजारी आलेली प्रत्येक बाई त्याला तेच सांगत होती, देव दयाळू आहे, तू कशाला काळजी करतोस. मी म्हटलं, "मला वाटतं, असतं. म्हणूनच भीती वाटते मला. तुझ्यासाठी वाटते."

 मग म्हणाला, "चला, एकजण तरी खरं बोलली. मला वाटलं, मी एकटाच घाबरलोय." थोड्या वेळानं म्हणाला, "फादरना बोलाव."

आमचे धाकटे फादर वसईचे. सायकलवरून आले. कुमसार ऐकायचा होता, म्हणजे त्यानं फादरपुढे पापांची कबुली द्यायची, आणि ती ऐकायला दुसरं कुणी नको. म्हणून आम्हाला बाहेर काढलं आणि दार लावलं. मी ओटीवर उभी राहिले. मामी माळ ओढत बसली. आतून फादरचा आवाज, मग मामाचा, मग बराच वेळ काहीच नाही. फक्त पंख्याची कुरकुर. मला वाटलं, गेला. मला वाटलं, नाही म्हणाला. मला वाटलं, शब्द मोडायला तयार नाही आणि फादर आता बाहेर येऊन मान हलवणार…  मग मामा हसला. खरंच हसला, खोकत खोकत. आणि फादरनी दार उघडून म्हटलं, "या आत. पेल्यात पाणी आणा आणि एक चमचा."

त्याला कम्युनियन मिळालं. पातळ पांढरा तुकडा चमच्यातल्या पाण्याबरोबर त्यानं गिळला, आणि मामीनं त्याची हनुवटी पदरानं पुसली. म्हणजे त्यानं लॉज सोडली. सोडलीच असणार, त्याशिवाय फादर देणार नाहीत. असं मी स्वतःला सांगितलं. फादर सायकलचं कुलूप काढत होते तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "नको विचारू, ग्रेसी. कुमसारातलं मला सांगता येणार नाही, आणि तुला विचारता येणार नाही."

मग अंत्यविधीला शहाकाका आले. लॉजची माणसं सगळ्यात मागे उभी होती, काळ्या सुटात घामाघूम, कधी उठायचं कधी गुडघे टेकायचे ते न कळून आमच्याकडे बघत तसंच करणारी. मिस्सा झाल्यावर शहाकाका पुढे आले. हातात एक पाकीट, त्यात पांढरा चामड्याचा एप्रन. लॉजमध्ये कमरेला बांधतात तो. मामाचा होता, त्यांच्याकडे राहिला होता. म्हणाले, "शवपेटीत ठेवू दिलंत तर…"  मी मध्ये जाऊन उभी राहिले. काय बोलले असते माहीत नाही, पण मामीनंच मला बाजूला केलं. म्हणाली, "शहाभाई, तुम्ही रक्त दिलंत तेव्हा मी नको म्हटलं नाही. हे मात्र नको."

त्यांनी मान हलवली, पाकिटाचं तोंड पुन्हा नीट दुमडलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, त्यानं तुमची लॉज सोडली होती ना? तुम्हाला कळवलं असेल ना त्यानं?"

त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "बेटा, भावाभावातलं बाहेर बोलत नाही आम्ही."

एक दार इकडून बंद, एक तिकडून. फादरचं मौन पवित्र आहे हे मी मानते. शहाकाकांचं तसं नाही, हेही मानते. माझं मत तसूभर बदललेलं नाही. लॉजवरचं ते पत्रक उद्या पुन्हा छापायचं म्हटलं तर मी एक ओळ कापणार नाही. आणि नेमकं म्हणूनच मला झोप लागत नाही. माझं म्हणणं चूक असतं तर मामाचं काहीच बिघडलं नसतं. माझं म्हणणं बरोबर असेल, तर सगळं त्या बंद खोलीतल्या एका वाक्यावर आहे, आणि ते वाक्य मला कधीच कळणार नाही. तो हसला कशाला? सुटला म्हणून हसला, की फादर मऊ आहेत हे कळलं म्हणून? मी आयुष्यभर बरोबर असण्यासाठी भांडत आले. बरोबर असण्याची इतकी भीती वाटेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. तो असता तर निदान त्याला आता सांगता आलं असतं, भीती नक्की कशाची…

परवाच्या रविवारी आम्ही त्याच बाकावर बसलो. टोकाची जागा मामीनं रिकामी ठेवली होती. कुणी बसायला आलं की ती तिथं पर्स ठेवत होती. कम्युनियनची वेळ झाली, लोक उठले. मामी उठली, हातानं पुढच्या बाकाचा आधार घेतला, तिरकी झाली, आणि त्या मोकळ्या जागेसमोरून अंग चोरून, पोट आत ओढून बाहेर पडली. जाता जाता तिचे ओठ हलले. "सरक रे जरा."

मग माझी पाळी होती. मागची माणसं थांबली होती. मी खाली पाहिलं, आणि तिरकी होऊन बाहेर पडले.