वहिनीचं नाक आणि माझी सिगारेट

प्रताप नगरातल्या आमच्या सावजी भोजनालयात 'धूम्रपान करू नये' ही पाटी पहिल्या दिवसापासून आहे. कायदा आम्ही पाळला, म्हणजे पाटी लावली. तिच्या खालच्या टेबलावर पंख्याचा वारा चांगला लागतो, म्हणून ओढणारे नेमके तिथेच बसत आणि अ‍ॅशट्रे मीच नेऊन देत असे. मी स्वतः मात्र गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून टेबलांपासून लांब, गल्ल्यावर बसून ओढायचो. या सभ्यपणाचा मला अभिमान होता.

भोजनालय भावाचं आणि माझं. भाऊ बाजारहाट पाहतो, मी गल्ला, आणि चव वहिनीची. सावजी मसाला डोळ्यांनी भाजता येत नाही. दगडफूल बिचारं कच्चं असतानाही करपल्यासारखंच दिसतं. कढई कधी उतरवायची ते वहिनीचं नाक ठरवतं. एके दुपारी रस्सा कडू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी आत गेलो तर वहिनी कढईवर वाकून नुसती उभी.

"भाऊजी, मले वासच येऊन नाही राहिला."

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "घरात कोण ओढतं?"

"घरात कोणीच नाही," मी ताठ मानेनं सांगितलं. खोटं नव्हतंच ते. घरात मी ओढत नसे. वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, बस.

धूर थांबला तर वास परत येईल, नाहीतर भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. परतताना ऑटोत वहिनीनं निकाल दिला : "उद्यापासून आत कोणी ओढायचं नाही. ओढलं, तर मी गॅस बंद करीन."

तिचं नाक गेलं म्हणजे भोजनालयच गेलं. मी कंबर कसली. कंबर कसली म्हणजे सीताबर्डीवरून धुराचा वास लागताच बोंबलणारा एक अलार्म आणला आणि पाटीशेजारी ठोकला. माझे रोजचे दोस्त आले, वर पाहून हसले.

"काय बे, भोजनालय चालवून राहिला का बँक?"

"ओढायचं तर बाहेर जायचं."

"काहून? वहिनीच्या फोडणीपेक्षा आमचा धूर जास्त हाये का?"

तेवढ्यात आत तापल्या तेलात तिखट पडलं. अलार्मनं असा टाहो फोडला की सगळं भोजनालय ताटं घेऊन रस्त्यावर. एका गृहस्थानं मटणाची वाटी वाचवली, बायको आतच राहिली. दोस्तांनी रस्त्यावर शांतपणे काडी ओढली. "अबे, पहिले तुह्या वहिनीची फोडणी बंद कर!"

अलार्म काढायला मी स्टुलावर चढलो. त्याच्याबरोबर ती बंदीही काढून टाकावी, असं मनात आलं होतं. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली.

"उतरा."

उतरलो. तिनं गल्ल्यावरच्या देवाच्या फोटोपुढची उदबत्ती उचलली आणि माझ्या खुर्चीपाशी धरली. धूर वर गेला नाही, टेबलांकडेही गेला नाही. आडवा होऊन, ताटं सरकवायच्या खिडकीतून तो सरळ स्वयंपाकघरात शिरला. आतला एक्झॉस्ट पंखा त्याला ओढत होता. जिथे वहिनी दिवसभर उभी असते, तिथूनच.

"फोडणीचा ठसका घडीभराचा, अन् तो माह्या कामाचा," ती दोस्तांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हा दिवसभर तोंडावरून जाते."

"मले सांगायचं होतं नं, वहिनी."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, मी तर लांबच बसतो."

आणि अलार्मबरोबर बंदीही निघणार हे ओळखून तिनं आत जाऊन खरंच गॅस बंद केला. त्या दुपारी बाहेरच्यांच्या ताटात भाकरी होती, रस्सा नव्हता.

मग मात्र मी हललो नाही. अ‍ॅशट्रे होते तेवढे भंगारात दिले. अलार्मही दिला, त्याचं काम मी करू लागलो. कोणी खिशात हात घातला की मी समोर उभा. दोस्तांनी दुसरं भोजनालय धरलं. "तुले माज आला," असा निरोपही पाठवला. जाऊ दिलं. मसाला भाऊ भाजत होता आणि उरलेली गिऱ्हाइकं तो भलेपणानं खात होती. वहिनी रोज बरणी उघडून हुंगायची आणि परत झाकण लावायची.

माझी सिगारेट काही सुटली नव्हती. ती कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गेली होती. एका दुपारी तिथून आलो, चूळ भरली, हात धुतले, मूठभर बडीशेप तोंडात टाकली आणि साळसूदपणे गल्ल्यावर बसलो.

"भाऊजी!" आतून आवाज आला. "सोप खाऊन काय होते? ओढून आले नं?"

पकडला गेल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. तसाच आत धावलो, भावाच्या हातातला झारा हिसकावला आणि वहिनीपुढे धरला. तिनं तो घेतला, कढईवर वाकली, डोळे मिटले.

"पहिले तुम्ही बाहेर व्हा," ती म्हणाली. "मले खोबऱ्याचा वास घेऊ द्या."