डाव्या पायाचं पायडल

सायकलच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ही गोष्ट मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी, नाशिकला द्वारकेच्या चौकात, रस्त्यावर आडवा पडलेलो असताना कळली. तोपर्यंत मी स्वतःला सायकलीतला जाणकार समजत होतो.

ही समजूत करून दिली होती आमच्या ऑफिसातल्या पगारेंनी. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. पगारे तरुणपणी सायकलच्या शर्यतीत उतरले होते (जिंकले होते असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही). मला रोज उशीर होतो, त्यात दोष माझा नसून पायडलांचा आहे, असं निदान त्यांनी केलं. रबरी ठोकळ्यांवरून पाय घसरतो, ताकद वाया जाते. पोलादी, दातेरी पायडलं बसवा, वर बूट अडकवायची क्लिप आणि चामड्याचा पट्टा घ्या. मग पाय खाली दाबतानाही जोर लागतो आणि वर ओढतानाही! इतकी वर्षं आपण निम्म्या ताकदीनं जगलो, असं मला वाटून गेलं.

पायडलं बसवून आणली. पंचवटीतून ऑफिसला आधी पंचवीस मिनिटं लागायची, आता तेवीस लागू लागली. ऑफिसच्या दारात पट्टे सोडवायला तीन.

आठवड्याभरात इगतपुरीहून तार आली: आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. आई म्हणजे माझ्या सासूबाई. बोलायला फटकळ आणि माझ्यावर फार जीव. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, तार दोनदा वाचली, पिशवीत चार कपडे कोंबले आणि ती बसच्या थांब्याकडे निघाली. पॅसेंजरला तासभर होता आणि नाशिकरोड स्टेशन दहा किलोमीटर. तेवढ्यात मी तोंड उघडलं. बस काय, दर थांब्याला उभी राहणार. आपली सायकल सरळ स्टेशनात!

"अहो, नक्की ना?" एवढंच ती म्हणाली.

मी नुसतं नक्की म्हणून थांबलो नाही. खबरदारी म्हणून पाना घेऊन दोन्ही पायडलं कसायला बसलो. उजवं जागचं हललं नाही. डावं मात्र पान्याबरोबर फिरलं, आणि फिरतच राहिलं. किती ढिलं ठेवलं होतं म्हणून दुकानदाराला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि आपल्या मनगटाचं कौतुक करत आणखी चार फेरे दिले. (मी ते सोडवत होतो. दर फेऱ्याला माझी खात्री वाढत होती.)

सुमन मागे डबलसीट, मांडीवर पिशवी. द्वारकेपर्यंत आम्ही खरोखरच वेगात गेलो. मग डाव्या पायाखालचा विरोध एकाएकी संपला. पायडल निखळलं होतं. पण ते पट्ट्यानं बुटाला बांधलेलं असल्यामुळे माझ्याबरोबरच खाली आलं.

सुमन आधी उठली. पिशवी उचलली, कोपराचं रक्त पदरानं टिपलं. पट्टा न सोडताच मी पायडल परत बसवायला गेलो, तर ते ज्या दांड्यात बसतं त्या क्रँकचे आटेच फाटलेले. समोरच्या पंक्चरवाल्यानं बसल्या जागेवरून ज्ञान दिलं, "डावं उलटं फिरतं, साहेब." इतक्या सोप्या वाक्यासाठी मी शाळा-कॉलेज मिळून पंधरा वर्षं घालवली होती.

तोवर सुमननं मेथीच्या जुड्यांनी भरलेला एक टेंपो थांबवला होता. ड्रायव्हरनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "ताई एकट्या बसतील. साहेबांना जागा नाय. अन् पायाला लोखंड हाय त्यांच्या, माझी मेथी तुडवतील."

"तू हो पुढे, मी आलोच," मी म्हणालो. सुमननं माझ्याकडे नाही, माझ्या बुटाकडे पाहिलं. टेंपो गेला. तिला गाडी मिळाली.

मला नाही. सायकल रस्त्यात टाकायला मन धजेना, म्हणून मी एका पायानं निघालो. पगारेंचं म्हणणं खरं होतं, हे इथं कबूल केलं पाहिजे. पट्ट्यामुळे उजवा पाय दाबतही होता आणि ओढतही होता. सायकल चालली! मी फलाटावर पोचलो तेव्हा पॅसेंजरचा शेवटचा डबा समोरून जात होता. पुढची गाडी दुपारी, तीही उशिरा.

इगतपुरीला सासूबाईंच्या दाराबाहेर चपला होत्या. आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांपेक्षा पुष्कळच जास्त. सासूबाई अर्ध्या तासापूर्वी गेल्या होत्या. मी उंबऱ्यात उभा, दोन्ही हात ग्रीसनं काळे. मेहुण्यानं हलकेच विचारलं, गाडी चुकली का? मी म्हणालो, "पायडल." त्या घरात, त्या वेळी, याहून बेंगरूळ शब्द कुणी उच्चारला नसेल. मग मी हात धुवायला मोरीत गेलो आणि बराच वेळ तिथेच राहिलो.

सगळं उरकून आम्ही परतलो. नवा क्रँक आणि जुनी रबरी पायडलं मी बसवून घेतली, दुकानातच. सुमन त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नव्हती, आणि मला तेच सोसवेना. शेवटी मीच विचारलं, आईंनी माझी आठवण काढली होती का?

"काढली ना." ती गहू निवडत होती. "जावई कुठे राहिले, म्हणाली. मी सांगितलं, नवीन पायडलं बसवलीत, सायकलवर येताहेत."

"मग?"

"'मग बाई मला तेवढं थांबणं जमायचं नाही,' म्हणाली." सुमनचे हात सुपातच थांबले. "आणि हसली हो. त्यानंतर काही बोलली नाही."