राखवाले सर

भोपाळमधल्या आमच्या आनंद नगरात लोक गच्चीवर पापड वाळवायचे. राखवाले सर नुसती पांढरी ताटली ठेवायचे. रोज संध्याकाळी तिच्यावर बोट फिरवायचं, बोट चष्म्याजवळ न्यायचं आणि बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगायचं, "आज फक्त रायसेन रोड आहे." म्हणजे नुसती रस्त्याची धूळ. त्यांना कुठल्यातरी ज्वालामुखीची राख हवी असायची.

सर भूगोल शिकवायचे आणि मी त्यांचा सगळ्यात ढ विद्यार्थी. हे मी विनयाने नाही, गुणपत्रिकेच्या आधाराने सांगतोय. 'ज्वालामुखीच्या उद्रेकाचे परिणाम लिहा' या प्रश्नाला मी एकच ओळ लिहिली होती : जवळच्या लोकांनी दूर जावे, म्हणजे काही होत नाही. सरांनी भोपळा दिला आणि खाली लाल शाईत विचारलं, 'दूर म्हणजे किती दूर?'

मग वर्गात समजावलं. "तिकडे डोंगर शिंकला की गंधकाचा वायू पार वर जातो, उन्हावर पातळ पडदा धरतो. मग पाऊस चुकतो, पीक बुडतं आणि ज्याने तो डोंगर नकाशातही पाहिला नाही त्याच्या ताटातली पोळी कमी होते. अरे भई, आभाळाला कुंपण नसतं." मी मागून विचारलं, "सर, माझा गृहपाठही डोंगरामुळेच राहिला का?" सर आधी हसले, मग त्यांनी मला बाकावर उभं केलं.

वडील गेले त्या वर्षी याच सरांनी मला रोज गच्चीवर बसवून अभ्यास करून घेतला. म्हणून मी पास झालो, दिल्लीत नोकरीला लागलो आणि लगेच शहाणा झालो. सुट्टीत आलो आणि मे महिन्यात जरा गारवा पडला की मी चिडवायचो, "सर, आज कुठला डोंगर?"

"प्रत्येक गारवा डोंगराचा नसतो, गधड्या. तेवढंही शिकला नाहीस."

मागच्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. सर दवाखान्यात होते, मला बघायचं म्हणत होते. मग सरांनीच फोन घेतला. आवाज पार खोल गेला होता.

"समुद्रापार डोंगर शिंकलाय. राख तुमच्याकडे येतेय. सकाळच्या गाडीने ये."

"सर, तो फार दूर आहे हो."

"दूर म्हणजे किती दूर?"

मी हो हो म्हणालो, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं. विमानतळावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि मग विमान रद्द झालं. वर राख होती. तोवर सकाळची गाडी भोपाळला पोचलीसुद्धा होती.

सर त्याच संध्याकाळी गेले. मी बसने दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तेव्हा लोक स्मशानातून परतून आंघोळी करत होते. मला रडू आवरेना, आणि स्वतःचा रागही तेवढाच येत होता. काकूंनी पाणी दिलं.

"सरांनी वाट पाहिली असेल," मी म्हणालो.

"पाहिली ना. दुपारनंतर म्हणाले, तो काही आज पोचत नाही. विमानानेच निघाला असेल गधडा. आला की ओरडू नकोस त्याला."