बाबांचा गज

मस्कतला निघाले त्या दिवशी एसटी स्टँडवर मी बाबांना म्हटलं, "निदान हात तरी धुवून यायचं." नव्या नवऱ्यासमोर माझी लाज जात होती. बाबा ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. रानडुकरं हाकायला बागायतदार ठेवतात त्या, पुढून दारू ठासायच्या. त्यांचे काळे हात कधी धुऊन निघालेच नाहीत. "बरं बाय," म्हणाले आणि हात पाठीमागे घेतले.

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये मी त्यांना प्रमोशन दिलं. किटी पार्टीत ते इंजिनिअर झाले. पुढे मी त्यांना फॅक्टरीही काढून दिली. काय ती बया, म्हणजे मीच, केस पर्म केलेले आणि तोंडभर थापा. गाववाल्यांनो, तुमच्यातले गावी राहिलात त्यांना खरं ठाऊकच आहे. इथे आलात त्यांनी माझ्या थापा चहाबरोबर खाल्ल्यात, म्हणून हे लिहितेय.

यंदा ईदला ओमानातल्याच सूर गावी ह्यांच्या जुन्या अर्बाबांकडे, म्हणजे मालकांकडे गेलो. भिंतीवर त्यांच्या आजोबांची लांबलचक बंदूक. माझी नात सानिका तिच्यावरची अक्षरं वाचून म्हणाली, "आजी, अमेरिकन आहे. मी प्रोजेक्ट केलेला. काडतुसं यायच्या आधीच ते मशीनवर पार्ट्स सेम बनवायचे. एकीचा स्क्रू दुसरीला फिट."

"माझे बाबा प्रत्येक स्क्रू कानशीनं घासून त्याच बंदुकीपुरता करायचे," मी म्हटलं. तेही हळूच.

अर्बाबांचा मुलगा बंदूक घेऊन दाराशी गेला. घोड्याखाली नुसती केप, म्हणजे स्फोटक टिकली, ठेवून ईदचा बार वाजवणार होता. समोर अंगणात सानिका मोबाइल धरून उभी.

"खाली है, सिस्टर," अर्बाब म्हणाले. "दादा के टाइम से."

"आधी गज, मग गप्पा." हे बाबांचं वाक्य माझ्या तोंडून निघालं. बंदूक घेतली, नळीखालचा गज, दारू ठासायची सळई, काढून नळीत सोडला, नळीच्या तोंडाशी चिमटीत धरला, बाहेर नळीला लावून पाहिला. आत गेलेली लांबी नळीपेक्षा चार बोटं आखूड. तळाशी दारू होती, आजोबांच्या हातची.

मुलानं केप खिशात परत ठेवली. अर्बाबांनी दारू भिजवायला नळीत पाणी ओतलं, मग विचारलं, "किसने सिखाया?"

हे सवयीनं म्हणाले, "इनके फादर इंजिनिअर—"

"लोहार," मी म्हटलं. "मेरे बाबा बंदूक ठीक करते थे. ऐसे हाथ पूरे जिल्हे में नहीं थे."

इतकी वर्षं समजत होते, घर स्टँडवर सोडून आले. ते बोटांत बसून आलं होतं.

गाडीत सानिका म्हणाली, "आजी, हात बघ किती काळे. वाइप्स देऊ?"

मी हात पाठीमागे घेतले.