पस्तानाची पिशवी आणि रोमचं छत

देवाचं नाव तोंडात आणि मन भलतीकडेच, अशी माझी त्या उन्हाळ्यात गत झाली होती. जपाला बसले की मणी पुढे सरकायचे आणि डोक्यात व्हिएन्ना की प्राग, प्राग की फ्लॉरेन्स, हे चक्र सुरू व्हायचं. आमच्यासारख्या बीडच्या माणसांना युरोपची काळजी पडावी याचं मला स्वतःलाच हसू यायचं. पण हसून मोकळं होण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आमचे हे घाटनांदूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे. रोम, ग्रीस, नेपोलियन सगळं पोरांच्या गळी उतरवलं, पण स्वतः मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत. निवृत्तीनंतर आम्ही बीडला राहायला आलो आणि वर्षभरात त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसणं कधी गेलं ते त्यांनाही कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाने टिकवायची. आणि कुठे फिरून यायचं मनात असेल तर लांबणीवर टाकू नका. ते शेवटचं वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. घरी येताना रिक्षातच मी ठरवलं, यांना ती गावं दाखवायचीच.

पुण्याच्या लेकीने रोमची तिकिटं काढली. जाणं तिथेच, परतणंही तिथूनच. मधल्या दिवसांत आगगाडीने कुठे कुठे जायचं ते आम्ही ठरवायचं होतं, म्हणजे मीच ठरवायचं होतं. यांना विचारलं की म्हणायचे, "तू ठरव, मी येतो की." मग मी मोबाईलवर किल्ले, राजवाडे, चर्च बघत बसायची. एवढीशी नजर उरलेली, तिच्यात सगळ्यात चांगलं तेच भरलं पाहिजे, चुकीचं गाव निवडलं तर ती चूक पुन्हा दुरुस्त होणार नाही, या विचाराने जेवण गोड लागेना. सकाळी लेकीला व्हेनिस सांगायची आणि दुपारी ते रद्द करायला लावायची. ती वैतागून म्हणाली, "आई, एकदा काय ते नक्की कर, नाहीतर देवीलाच विचार."

मी खरंच विचारायला गेले. अंबाजोगाईला योगेश्वरीपुढे उभी राहिले, ओटी भरली, आणि तिच्या मुखाकडे बघताबघता मोबाईलवर बघितलेला प्रागचा पूल डोळ्यांपुढे आला. मला माझाच राग आला. देवीने काही सांगितलं असेल तर ऐकायला मी जागेवर होतेच कुठे? पुजाऱ्याने दिलेली सुपारी पदरात बांधून तशीच अस्वस्थ परत आले.

निघायचा दिवस नेमका अमावस्येचा आला. माझ्या माहेरी अशा वेळी पस्तान ठेवत. म्हणजे आधीचा एखादा चांगला दिवस बघून आपल्या सामानातली एक पिशवी शेजारी नेऊन ठेवायची. प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. ती पिशवी पुन्हा घरात आणायची नाही, जाताना तिकडूनच उचलायची. आई सांगायची, जिच्यावाचून पाऊल उचलणार नाही अशी वस्तू पस्तानात घालावी. मी यांचा एक सदरा, हळदकुंकू, देवीची सुपारी असं सगळं घातलं. आई खडीसाखर घालायची. घरात खडीसाखर नव्हती म्हणून गुळाचा खडा घातला. आणि जिच्यावाचून पाऊल उचलणार नाही अशी वस्तू म्हणून यांच्या डोळ्यांच्या थेंबांच्या नव्या बाटल्या फ्रिजमधून काढून त्याच पिशवीत ठेवल्या. आईचा शब्द अगदी तंतोतंत पाळल्याचं समाधान वाटलं मला.

पिशवी शेजारच्या सुनीताबाईंकडे दिली. त्या पोस्टातून निवृत्त झालेल्या, घर बौद्ध, हॉलमध्ये बुद्धांची शांत मूर्ती. तोंडाने फटकळ. पिशवी हातात घेत म्हणाल्या, "ताई, ह्ये मुहूर्त-बिहूर्त मला काय पटत न्हाई बरं का. पर ठिवा. पिशवी सांभाळाया काय लागतंय?"

निघायच्या आदल्या दुपारी यांनी थेंबांची चालू बाटली उलटी करून बघितली. "संपली गं. संध्याकाळला नवी काढ." मी फ्रिज उघडला आणि दारातली रिकामी जागा बघितल्यावर मला आठवलं. बाटली उघडेपर्यंत थंडच राहिली पाहिजे, उन्हात ठेवली तर औषध वाया जाईल, प्रवासातसुद्धा बर्फाच्या डब्यातून न्या, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. मलाच, कारण ते सगळं मी बघते. आणि वैशाखात, पत्र्यासारख्या तापलेल्या बीडमध्ये, मी त्या पिशवीत घालून शेजारी देऊन बसले होते. ते थेंब आमच्याकडच्या दुकानांत मिळत नाहीत, मागवावे लागतात. विमान दुसऱ्या दिवशी होतं.

पळत गेले तर सुनीताबाईंच्या दाराला कुलूप. लेकीकडे शिरूर कासारला गेल्या होत्या. फोन लागेना. घरात यायचं, पुन्हा ओट्यावर जायचं, कुलूप हलवून बघायचं, असं मी किती वेळा केलं कोण जाणे. गावं निवडता निवडता मी यांचे डोळेच घालवून बसले, हे एकच वाक्य डोक्यात घण घालत होतं. शेवटी त्यांच्याच पायरीवर बसले. ना जप आठवला, ना स्तोत्र. आई योगेश्वरी, आता माझ्या हातात काही नाही, तू बघ, एवढंच पुटपुटले. आणि खरं सांगते, कितीतरी दिवसांनी त्या वेळी डोळ्यांपुढे एकही गाव आलं नाही. फक्त देवीचं मुख आलं.

उन्हं कलल्यावर सुनीताबाई पदराने घाम पुसत आल्या. मला पायरीवर बघून दचकल्या. "काय झालं? सर बरे हायत ना?" मी कसंबसं सांगितलं. त्या कुलूप काढून आत गेल्या, फ्रिज उघडला आणि माझी पिशवी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, बाहेर काढली.

"फ्रिजात कावून ठिवली?" मी विचारलं. माझ्याही तोंडून माहेरची बोली बाहेर पडली.

"अवो, तुमी पाठ फिरवली न्हाई तर लगेच मुंग्या लागल्या हिला! आत गूळ घातला व्हय? ही रांग! दुसऱ्याची पिशवी उघडायची कशी, म्हून झटकली आन् तशीच फ्रिजात टाकली. देवाला थंडी वाजली तर मला बोल लावू नका."

बाटल्या गारेगार होत्या. मी त्या गालाला लावल्या आणि त्यांच्या बाजेवर बसून लहान पोरीसारखी रडले. सुनीताबाईंनी पाणी आणून दिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पिशवी घरी न्यायची नव्हती, म्हणून यांनाच तिकडे बोलावलं. बाजेवर उताणं निजवून मी थेंब घातले. थेंबांनंतर डोळे मिटून थोडा वेळ पडून राहावं लागतं. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या माणसाकडे बघताना मला सुचलं, की मी आजवर कोणतं गाव हवं हे विचारलं, पण त्यांना काय बघायचं आहे हे विचारलंच नाही. ते विचारलं.

ते डोळे मिटूनच म्हणाले, "एक छत बघायचंय. रोमचं. मधी गोल भोक हाय त्याला. पुस्तकात बारकं काळंपांढरं चित्र होतं. दरसाली पोरं इचारायची, सर, त्यातून पाऊस आत पडतो का? मला ठावं नव्हतं. काहीतरी सांगून येळ मारून न्यायचो."

"आणि बाकीची गावं?"

"ती तुला बघायचीत म्हून मी येतो म्हणत होतो."

मी लेकीला फोन लावून बाकीचं सगळं रद्द करायला लावलं. ती घाबरली, माझी तब्येत बरी आहे ना, असं दोनदा विचारलं.

रोममध्ये आम्ही सावकाश हिंडलो, आणि त्या छताच्या देवळात तर रोजच गेलो. सगळ्या देवांसाठी बांधलेलं ते जुनं देऊळ, वर प्रचंड घुमट आणि मधोमध उघडं आकाश. पहिल्या दिवशी मी यांना हात धरून मधे उभं केलं. त्यांनी मान वर केली ती खाली आणीनातच. माझ्या मुठीत देवीची सुपारी होती. फरशीला बारीक भोकं आहेत, पाणी वाहून जायला. ती दाखवली तर त्यांनी खाली बसून बोटांनी चाचपली. "म्हंजे पडतो पाऊस," ते म्हणाले. मग पुन्हा वर बघून म्हणाले, "चारी बाजूंनी अंधार आन् मधी एवढा गोल उजेड. मला रोज असंच दिसतंय. हितं तर सगळी दुनिया एवढंच बघाया येती. मग मी काय कमी बघत न्हाई."

हा चमत्कार की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. गुळावर मुंग्या येतात, त्यात नवल ते काय? पण घरात खडीसाखर नव्हती, आणि पिशवी न उघडणारी शेजारीण मिळाली, आणि मी थकून हात टेकल्यावरच मला खरा प्रश्न सुचला, हे सगळं माझ्या हुशारीने घडलं नाही एवढं मला पक्कं ठाऊक आहे. मी निवडत होते तोवर तळमळत होते. देवीवर टाकलं तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

यांची नजर आता कडेने आणखी आक्रसत आत आली आहे. रोज सकाळी देवाला नैवेद्य दाखवला की मी उंबऱ्याशी मुंग्यांसाठी गुळाचा बारका खडा ठेवते. हे खुर्चीत बसलेले असतात. त्यांना उंबरा दिसत नाही.

"आल्या का?" ते विचारतात.

"आल्या," मी सांगते.