आईवर दहा वाक्यं

आठवीत आमच्या सरांनी साधा वर्तमानकाळ शिकवला तो पाठीत धपाटे घालूनच. तो किंवा ती रोज काही करत असेल तर इंग्रजीत क्रियापदाला एस लावायचा, एवढीच गोष्ट. मी मात्र तो एस हटकून विसरायची आणि धपाटा खायची. मग सरांनी गृहपाठ दिला: आई दिवसभर काय काय करते, त्यावर दहा वाक्यं. ज्याची चांगली होतील त्याने ती पालकसभेत वाचायची.

माझी आई काय करायची? पहाटे डहाणूच्या बंदरावरून बोंबील आणायची, आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून किनाऱ्यावरच्या दोऱ्यांवर वाळत घालायची. शाळेआधी मीही तिच्या जोडीला असायची. ते काम मला एसपेक्षा कितीतरी बरं जमायचं. पण वर्गात माझ्या बाकावर कुणी बसत नसे. मी जवळून गेले की मुली नाकाला रुमाल लावायच्या. जळ्ळं मेलं ते वय! मी शेण खाल्लं. लिहिलं, माय मदर वॉटर्स द फ्लॉवर्स. शी रीड्स द न्यूजपेपर. दहाची दहा वाक्यं बरोबर, एकही एस चुकला नाही, आणि एकातही मासळी नाही.

तुझ्यावर लिहिलंय, असं घरी मी मोठ्या फुशारकीने सांगून ठेवलं होतं. आई सभेला आली. दोऱ्यांवरचा माल शेजारणीवर सोपवून, ठेवणीतलं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून ती पहिल्या रांगेत बसली. मी वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या.

परतताना आम्ही रिक्षाने आलो. घराजवळ उतरल्यावर आई म्हणाली, "बाय, मला इंग्रजी येत नाय. पण डहाणू रोडला लॉजवाल्यांना मासळी विकते ना, फिश तेवढं कळतं. मी शेवटपर्यंत वाट बघितली."



तिने दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी दोऱ्यांपाशी गेले तर तिने माझ्या हातातली टोपली काढून घेतली. तू नको, हाताला वास लागेल, म्हणाली, अगदी शांतपणे. त्यानंतर तिने मला एकाही बोंबलाला हात लावू दिला नाही. माझा डबा भरायच्या आधी ती लिंबाच्या सालीने हात घासायची, कातडी सोलवटेपर्यंत. मी विनवण्या केल्या, रडले, भांडले. तिचं एकच, अभ्यास कर.

केला अभ्यास. आता मी तलासरीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, तोच साधा वर्तमानकाळ.

गेल्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा मी रजा टाकून घरी आले. तिच्या उशाशी बसून तिचा हात हातात घेतला, तर तिने तो चादरीखाली ओढून घेतला.

"सोड बाय. वास येतो."

दुखणं लागल्यापासून दोन वर्षांत तिने मासळीला हात लावला नव्हता. मी तो हात बळेच बाहेर काढून नाकाशी धरला. नुसता औषधाचा वास होता. नाही येत गं आई, मी सांगत राहिले. तिला काही ते पटलं नाही. तिने हात पुन्हा चादरीखाली घेतला, आणि ती गेली तेव्हाही तो तिथेच होता.