न पोचलेला पाहुणा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या पोटातलं काढून घेण्यात ती पटाईत, पण हे नाही. तुम्हाला सांगतो — का, ते मलाही धड माहीत नाही.

को मिन इथं परदेशात, वुडलँड्सला आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. ब्रह्मदेशातला चित्रकार, लष्करानं पकडू नये म्हणून पळून आलेला. परतीची सोय नाही. मी जहाजावर इंजिनिअर, चित्रांतलं मला काडीचं कळत नाही. पण त्याची चित्रं मी पुन्हापुन्हा पाहायचो — जळालेली गावं, घराघरांत बुटांचे ठसे.

माझं जहाज रंगूनला निघालं, तेव्हा त्यानं वहीएवढं एक चित्र माझ्या हातात दिलं. उंबऱ्यापाशी धाकट्या भावाच्या चपला, बस्स. भावाला शिपायांनी त्याच दारातून नेलं, तो परतला नाही. चित्र रंगूनमध्ये राहणाऱ्या आईला द्यायचं होतं. फोन ऐकले जातात, म्हणून तिला त्यानं एवढंच सांगितलं — पाहुणा येतोय. मी छातीठोकपणे म्हटलं, काळजी करू नकोस.

छातीठोकपणे! नदीच्या तोंडाशी शिपायांची लाँच जवळ येताना दिसली आणि मी चित्र बॅगेतून बाहेर काढलं. फरारी माणसाचं चित्र माझ्याकडे सापडलं तर? नोकरी, इथं कायम राहायचा परवाना, मुलीची शाळा — मी चित्र पाण्यात टाकलं. माझी बॅग कुणी उघडलीसुद्धा नाही. पुढे दोन दिवस जहाज धक्क्याला होतं. रिकाम्या हातांनी तरी त्याच्या आईकडे जाता आलं असतं ना? नाही गेलो.

परतल्यावर सांगितलं — दिलं. त्यानं विचारलं, आई काय म्हणाली? चपलांवरून हात फिरवला, म्हटलं. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. तो रडला, आणि मी त्याची समजूत घालत बसलो — मी!

पण आई दर फोनला विचारायची, पाहुणा कधी येणार? शेवटी तो मलाच म्हणाला, "ब्रदर, आई विसरायला लागली वाटतं."

"वय झालं की होतं असं," मी म्हणालो.

गेल्या वर्षी ती गेली. त्यानं तिचं चित्र काढलंय, परवा प्रदर्शनात पाहिलं. म्हातारी दारात बसलीय, डोळे रस्त्याकडे, आणि कपाळाच्या जागी नुसता कोरा कॅनव्हास. नाव — 'विसर'. लोक हळहळत होते. को मिननं माझा हात धरून सगळ्यांना सांगितलं, माझं चित्र आईपर्यंत नेणारा माणूस हाच.

मी मान डोलावली. तिची आठवण शेवटपर्यंत शाबूत होती. तिच्याकडे कुणी आलंच नव्हतं.